ओव्हर्टमध्ये डिस्क लॉक होऊन अडकली तर: डेटाबेसला हात लावण्याआधी आणि लावताना

"सर, व्हीएम सुरूच होत नाहीये. डिस्क लॉक्ड दाखवतंय. नेटवर एक अपडेट क्वेरी मिळालीय, मारू का?"

असा फोन वर्षातून दोन-तीनदा येतोच, आणि तोही रात्री. गंमत म्हणजे क्वेरी बहुतेक वेळा बरोबर असते. ती चालते, दहा सेकंदांत लॉक जातो, पोरगं खूश होतं. बिघडतं ते नंतर. म्हणून या लेखात क्वेरी शेवटाकडे आहे. आधीचा सगळा भाग ती मारावी की नाही हे ठरवण्याचा आहे, आणि खरं काम तेच आहे.

लेख ओव्हर्टबद्दल आहे, म्हणजे व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल. तुमच्याकडे रेड हॅट व्हर्च्युअलायझेशन किंवा ओरॅकल लिनक्स व्हर्च्युअलायझेशन मॅनेजर असेल तरी आतलं इंजिन हेच, त्यामुळे जवळपास सगळं लागू पडेल. प्रॉक्समॉक्सवाल्यांनी इथेच थांबावं. त्यांचा लॉक व्हीएमच्या कॉन्फिग फाइलमधली एक ओळ असते आणि 'क्यूएम अनलॉक' म्हटलं की ती निघते. व्हीएमवेअरचा लॉक प्रत्यक्ष स्टोरेजवरच्या फाइलला असतो, तो तर वेगळाच विषय.

कमांड आणि टेबलांची नावं मी फोनवर सांगतो तशी उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलवर नेहमीच्या स्पेलिंगने टाका. फोल्डरपर्यंत पोचलात की पुढचं टॅब बघून घेतो.

## लॉक असतो कुठे?

गावाकडे शेती असेल तर हे पटकन कळेल. सोसायटीचं पीककर्ज काढलं की सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात बोजा चढतो. कर्ज फेडलं म्हणून तो आपोआप उतरत नाही. सोसायटीचा बेबाकी दाखला तलाठ्याकडे न्यायचा, फेरफार व्हायचा, मग बोजा कमी होतो. दाखला वाटेतच राहिला तर जमीन मोकळी, पण कागदावर अडकलेली.

ओव्हर्टचं इंजिन म्हणजे तलाठी कार्यालय. त्याचा सातबारा म्हणजे 'इंजिन' याच नावाचा पोस्टग्रेस डेटाबेस. जमीन म्हणजे तुमची डिस्क, जी एनएफएसवर किंवा सॅनवर, म्हणजे नेटवर्कवरच्या स्टोरेजवर, लांब कुठेतरी आहे. आणि सोसायटी म्हणजे प्रत्येक होस्टवर, म्हणजे व्हीएम ज्यावर चालतात त्या मशीनवर, चालणारा व्हीडीएसएम हा एजंट. प्रत्यक्ष काम तोच करतो.

तुम्ही स्नॅपशॉट घेता, डिलीट करता, डिस्क एका स्टोरेजवरून दुसऱ्यावर हलवता, टेम्प्लेट बनवता, व्हीएम क्लोन करता. या प्रत्येक वेळी इंजिन आधी डेटाबेसमध्ये त्या डिस्कपुढे 'लॉक्ड' लिहितं, मग होस्टला काम सांगतं, आणि होस्टकडून 'झालं' असा निरोप आला की 'ओके' लिहितं. मधल्या काळात इंजिन कोसळलं, होस्ट रीबूट झाला, स्टोरेजचा पाथ गेला, तर तो निरोप पोचत नाही आणि 'लॉक्ड' तसंच राहतं.

यात मेख अशी की तीन वेगवेगळ्या परिस्थिती स्क्रीनवर एकसारख्या दिसतात. काम पूर्ण झालंय, फक्त निरोप आला नाही. काम अजून चालूच आहे. किंवा काम अर्ध्यात मेलंय. डेटाबेसकडे पाहून यातली कोणती ते कळणं शक्य नाही, कारण डेटाबेसमध्ये जमीन नाही, फक्त तिचा कागद आहे. पहिल्या परिस्थितीत लॉक काढणं बिनधोक आहे. दुसरीत काढलात तर चालू कामात हात घातल्यासारखं. तिसरीत लॉक हा तुमचा सगळ्यात लहान प्रश्न असतो.

## आधी काहीच करू नका

हा सल्ला नव्यांना आवडत नाही, पण व्हीएम चालू असेल तर तिला चालू राहू द्या. डिस्क लॉक्ड असली तरी चालू व्हीएमचं वाचणं-लिहिणं थांबत नाही. लॉक फक्त इंजिनला नवीन काम सुरू करण्यापासून अडवतो, आणि व्हीएम सुरू करणं हेही त्यातलंच एक काम. म्हणजे 'एकदा बंद करून चालू करू' म्हणून शटडाउन केलंत तर चालणारी व्हीएम तुम्ही स्वतःच्या हाताने बंद पाडलीत आणि परत सुरू करता येत नाही.

दुसरं, हिशेब करा. २ टीबीची डिस्क सेकंदाला १०० एमबीच्या वेगाने कॉपी होत असेल तर साधारण २०,००० सेकंद लागतात, म्हणजे साडेपाच तास. तासभर झाला तरी लॉक्डच आहे म्हणून घाबरायचं कारण नाही. कुणी संध्याकाळी सहाला डिस्क हलवायला लावून घरी गेलंय का, हे आधी टीममध्ये विचारा. मी पाहिलेल्या 'अडकलेल्या' डिस्कांपैकी बऱ्याच अशा होत्या.

## नोंद नीट वाचा

इंजिनच्या मशीनवर रूट म्हणून जा. 'यूएसआर / शेअर / ओव्हर्ट-इंजिन / सेटअप / डीबीयुटिल्स' या फोल्डरमध्ये 'अनलॉक_एन्टिटी' नावाची शेल स्क्रिप्ट आहे. नावात अनलॉक असलं तरी तिचा 'हायफन क्यू' हा पर्याय काहीही बदलत नाही, फक्त लॉक असलेल्या गोष्टींची यादी दाखवतो. 'हायफन टी' नंतर प्रकार द्यायचा: व्हीएम, टेम्प्लेट, डिस्क, स्नॅपशॉट किंवा ऑल. सुरुवातीला 'हायफन क्यू हायफन टी ऑल' एवढंच चालवा आणि आलेलं सगळं एका फाइलमध्ये जपून ठेवा. जुन्या आवृत्त्यांत स्क्रिप्ट डेटाबेसचा पासवर्ड मागते. तो 'ईटीसी / ओव्हर्ट-इंजिन / इंजिन.कॉन्फ.डी' मधल्या '१०-सेटअप-डेटाबेस' या फाइलीत असतो.

आता थोडं खोलात. ओव्हर्टमध्ये 'एक डिस्क' ही एकच वस्तू नसते. स्नॅपशॉट घेतला की जुना थर गोठतो आणि त्यावर नवा थर चढतो, पुढचं लिखाण नव्या थरात होतं. तीन स्नॅपशॉट असलेली डिस्क म्हणजे चार थरांची साखळी. 'बेस_डिस्क्स' या टेबलात डिस्कची एकच ओळ असते, नाव आणि आयडीसकट. 'इमेजेस' या टेबलात मात्र प्रत्येक थराची वेगळी ओळ. त्यातले पाच रकाने ओळखून ठेवा:

- 'इमेज_गाइड': या थराचा आयडी
- 'इमेज_ग्रुप_आयडी': तो कोणत्या डिस्कचा आहे
- 'पेरेंटआयडी': त्याच्या खालचा थर. सगळ्यात तळाच्या थरासाठी इथे नुसती शून्यं असतात
- 'ॲक्टिव्ह': सध्या लिखाण चालू आहे तो थर हाच का
- 'इमेजस्टेटस': १ म्हणजे ओके, २ म्हणजे लॉक्ड, ४ म्हणजे इललीगल

व्हीएमची अवस्था वेगळ्याच ठिकाणी असते: 'व्हीएम_डायनॅमिक' टेबलातला 'स्टेटस' रकाना. तिथे ० म्हणजे बंद, १ म्हणजे चालू आणि १५ म्हणजे 'इमेज लॉक्ड'. स्नॅपशॉटच्या टेबलात तर आकडाही नाही, 'ओके' किंवा 'लॉक्ड' असा सरळ शब्द. एकाच घटनेच्या खुणा अशा तीन ठिकाणी, तीन पद्धतीने. म्हणूनच नेटवरची एका ओळीची क्वेरी मारली की डिस्क सुटते आणि स्नॅपशॉट लॉकच राहतो.

टेबलांची नावं पाहताना होस्टची माहिती 'व्हीडीएस_स्टॅटिक', 'व्हीडीएस_डायनॅमिक' अशा नावांखाली दिसेल. गोंधळू नका. हे सॉफ्टवेअर मुळात क्युमरानेट नावाच्या कंपनीचं. ती रेड हॅटने २००८ मध्ये विकत घेतली. त्यांचा भर व्हर्च्युअल डेस्कटॉपवर होता, म्हणून होस्टला 'व्हर्च्युअल डेस्कटॉप सर्व्हर' म्हणायचे. व्हीडीएसएममधलं पहिलं 'व्हीडीएस' तेच. उत्पादन बदललं, टेबलांची नावं राहिली.

डेटाबेस वाचायला 'यूएसआर / शेअर / ओव्हर्ट-इंजिन / डीबीस्क्रिप्ट्स' मधली 'इंजिन-पीएसक्यूएल' ही स्क्रिप्ट वापरा. ती पासवर्ड स्वतःच उचलते. 'हायफन सी' देऊन पुढे अवतरणात क्वेरी टाका. पहिली क्वेरी अशी असू द्या: 'इमेजेस' आणि 'बेस_डिस्क्स' ही टेबलं इमेज-ग्रुप-आयडीवर जोडा, डिस्कचं नाव आणि वरचे पाचही रकाने मागवा, आणि अट घाला की 'इमेजस्टेटस' १ नसावा. उत्तर कागदावर उतरवा, साखळी काढा, बाण काढा. हसू नका. चार थरांचे चार लांबलचक आयडी डोक्यात राहत नाहीत, आणि रात्री दोन वाजता तर नाहीच नाही. मी प्रत्येकाचे पहिले चार अक्षर-अंक लिहितो, तेवढे पुरतात.

## लॉक कोणी लावला, ते शोधा

'व्हार / लॉग / ओव्हर्ट-इंजिन' मधला 'इंजिन.लॉग' उघडा आणि त्या डिस्कच्या आयडीने ग्रेप करा, म्हणजे तो आयडी असलेल्या ओळी शोधा. काम कुठून सुरू झालं ती ओळ सापडेल. त्या ओळीत चौकोनी कंसात एक कोरिलेशन आयडी असतो. आता डिस्कचा आयडी सोडा आणि या कोरिलेशन आयडीने ग्रेप करा. त्या एका कामाची सुरुवातीपासूनची सगळी कथा सलग समोर येते: कोणत्या युजरने, कोणती कमांड, कोणत्या होस्टला, कुठे गडबड झाली. नव्या माणसाने या लेखातून एकच गोष्ट उचलायची तर ही उचलावी. डिस्कच्या आयडीवर ग्रेप करत बसणारे तासभर घालवतात.

कथेचा शेवट बघा. शेवटची ओळ 'एंडेड सक्सेसफुली' अशा अर्थाची असून लॉक राहिला असेल तर प्रकरण सोपं आहे. शेवटी एरर असेल तर ती नीट वाचा. कथा मध्येच तुटली असेल, म्हणजे काम सुरू झाल्याच्या ओळी आहेत आणि मग काहीच नाही, तर त्याच वेळेला इंजिन किंवा होस्ट खाली गेला होता का ते पाहा.

## आता होस्टला विचारा

हा तुमचा बेबाकी दाखला. तो हातात नसताना पुढे जायचं नाही.

स्टोरेजची बरीच कामं एसपीएम (स्टोरेज पूल मॅनेजर) या भूमिकेतल्या होस्टवर चालतात. कोणता होस्ट एसपीएम आहे ते ॲडमिन पोर्टलच्या होस्ट्स पानावर दिसतं. त्या होस्टवर जाऊन 'व्हीडीएसएम-क्लायंट होस्ट गेटऑलटास्क्सस्टेटसेस' चालवा. उत्तर रिकामं आलं तर एसपीएमकडे काही बाकी नाही. पण नव्या आवृत्त्यांत काही कामं एसपीएम सोडून इतर होस्टवरही जातात, म्हणून लॉगमध्ये ज्या होस्टचं नाव आलं होतं तिथे 'व्हीडीएसएम-क्लायंट होस्ट गेटजॉब्ज' हेही पाहा. आणि दोन्हीकडे 'पीएस' मारून 'क्यूएमयू-आयएमजी' नावाची प्रोसेस चालू आहे का बघा. कॉपीचं काम चालू असेल तर ती तिथे डिस्कच्या आयडीसकट दिसते. दिसली तर विषय संपला: लॉक खरा आहे, चहा घेऊन या.

चालू व्हीएमचा स्नॅपशॉट डिलीट करताना मात्र काम तिसरीकडेच होतं. ती व्हीएम ज्या होस्टवर चालू आहे, तिथे क्यूएमयू, म्हणजे व्हीएम प्रत्यक्ष चालवणारा प्रोग्रॅम, स्वतः वरचा थर खालच्यात मिसळतो (मर्ज करतो). यासाठी त्या होस्टवर दोन गोष्टी करा. पहिली, 'व्हर्श हायफन आर ब्लॉकजॉब', पुढे व्हीएमचं नाव, डिस्कचं नाव, आणि 'इन्फो'. मर्ज चालू असेल तर टक्केवारी दिसते. 'हायफन आर' विसरू नका. तो फक्त वाचण्यापुरता जोडतो, म्हणजे चुकून काही बदलण्याची भीती नाही.

दुसरी गोष्ट जास्त मोलाची. 'व्हर्श हायफन आर डम्पएक्सएमएल' आणि व्हीएमचं नाव. त्यात डिस्कच्या 'सोर्स'मध्ये एक लांब पाथ असतो, आणि त्याचा शेवटचा तुकडा हा व्हीएम या क्षणी ज्या थरात लिहितेय त्याचा आयडी. तो तुमच्या कागदावरच्या 'ॲक्टिव्ह' थराशी जुळवा. जुळला तर ठीक. नाही जुळला तर जमिनीवर एक मालक आणि सातबाऱ्यावर दुसरा, अशी स्थिती आहे. तिथे नुसतं 'इमेजस्टेटस' बदलून काहीही साधणार नाही.

## मी केलेली चूक

हे न जुळणं किती महाग पडतं ते मी एका जुन्या नोकरीत शिकलो. अकाउंट्सची व्हीएम होती, तिचा जुना स्नॅपशॉट चालू अवस्थेत डिलीट करायला लावला होता. मधेच इंजिनच्या मशीनवर 'व्हार' पार्टिशन भरलं आणि इंजिन बसलं. जागा करून सुरू केलं, तर डिस्क लॉक्ड. तीन तास झाले तरी लॉक्ड. मी 'इमेजेस' टेबलात २ चा १ केला. इथवरही ठीक होतं. मग म्हटलं, एकदा नीट सुरू होऊ दे, म्हणून व्हीएम बंद केली.

परत सुरू होईना. लॉगमध्ये 'बॅड व्हॉल्यूम स्पेसिफिकेशन'.

झालं होतं असं: होस्टवर मर्ज केव्हाच पूर्ण झालं होतं. क्यूएमयू खालच्या थरावर उडी मारून त्यातच लिहीत होता. इंजिनला हे कधी कळलंच नाही, त्याच्या नोंदीत वरचा थरच ॲक्टिव्ह. व्हीडीएसएमने उडी मारण्याआधी वरच्या थरावर 'इललीगल' असा शिक्का मारून ठेवला होता, आणि त्या शिक्क्यामुळेच व्हीएम अडली. शिक्का नसता तर व्हीएम जुन्या थरावरून सुरू झाली असती, त्यावर नवं लिखाण चढलं असतं आणि सगळा डेटा नासला असता. सकाळी सहापर्यंत मी आणि एक सहकारी साखळी जुळवत बसलो, शेवटी आदल्या रात्रीच्या बॅकअपवरून उभं केलं. एका दिवसाच्या नोंदी अकाउंट्सच्या मंडळींनी परत हाताने भरल्या. त्यांनी काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

व्हीएम चालू ठेवली असती तर आतून डेटाचा बॅकअप घेता आला असता. एक 'डम्पएक्सएमएल' मारला असता तरी कळलं असतं. दोन्ही मिळून पाच मिनिटांचं काम होतं.

## इंजिनला एक संधी द्या

होस्टवर काही चालू नाही याची खात्री झाली, तरी थेट डेटाबेसकडे धावू नका. इंजिन आपल्या अर्धवट कामांची नोंद 'कमांड_एन्टिटीज' आणि 'एसिंक_टास्क्स' या टेबलांत ठेवतं आणि सुरू होताना ती पुन्हा उचलतं. त्यामुळे 'सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट ओव्हर्ट-इंजिन' केल्यावर कित्येकदा राहिलेला निरोप मिळतो आणि लॉक रीतसर निघतो. चालू व्हीएमना याने धक्का लागत नाही, फक्त पोर्टल काही मिनिटं बंद राहतं. तुमचं इंजिन स्वतःच सेल्फ-होस्टेड व्हीएम असेल तर आधी 'होस्टेड-इंजिन' कमांडने ग्लोबल मेंटेनन्स लावा. नाहीतर पाळत ठेवणारा एजंट 'इंजिन मेलं' समजून तुमच्याच पायाखालची व्हीएम रीस्टार्ट करतो.

रीस्टार्टनंतर पंधरा-वीस मिनिटं थांबा. लॉग बघत बसा.

आणि डिस्क अपलोड करताना अडकली असेल तर डेटाबेस पूर्ण विसरा. हा नव्यांचा नेहमीचा प्रकार आहे. ब्राउझरमध्ये इंजिनचं सर्टिफिकेट घातलेलं नसतं, किंवा अपलोड चालू असताना टॅब बंद होतो, आणि अपलोड 'पॉज्ड बाय सिस्टिम' होऊन बसतं. डिस्क लॉक्ड दिसते, कारण अपलोड संपलेलंच नसतं. स्टोरेजखालच्या डिस्क्स पानावर अपलोडच्या मेन्यूत 'रिझ्यूम' आणि 'कॅन्सल' दोन्ही आहेत. तेच वापरा. पुन्हा तसंच झालं तर इंजिनचा ५४३२३ आणि होस्टचा ५४३२२ हा पोर्ट फायरवॉलमध्ये उघडा आहे का ते तपासा.

## लॉक काढणं

इथवर आलात म्हणजे तुमच्या हातात हे आहे: साखळीचा कागद, लॉगमधली कथा, होस्टवर काहीही चालू नसल्याचा पुरावा, आणि ॲक्टिव्ह थर जुळल्याची खात्री. आता बॅकअप. 'इंजिन-बॅकअप' ही कमांड मोड 'बॅकअप', स्कोप 'डीबी' देऊन चालवा, फाइल आणि लॉगची नावं द्या, आणि तयार झालेली फाइल दुसऱ्या मशीनवर कॉपी करा. हा बॅकअप इंजिनच्या नोंदींचा आहे, तुमच्या डिस्कचा नाही. शक्य असेल तर स्टोरेजच्या बाजूनेही एक स्नॅपशॉट घ्या.

मग तीच स्क्रिप्ट, आता 'क्यू'शिवाय: 'अनलॉक_एन्टिटी हायफन टी डिस्क', पुढे डिस्कचा आयडी. थराचा नव्हे, डिस्कचा, म्हणजे इमेज-ग्रुप-आयडी. ती डेटा खराब होऊ शकतो असा इशारा देते आणि पुढे जाऊ का विचारते. 'वाय' दाबा. स्नॅपशॉट लॉक असेल तर त्याचा आयडी देऊन 'हायफन टी स्नॅपशॉट' वेगळं चालवा. व्हीएमच्या बाबतीत 'हायफन आर' दिलंत तर तिच्याखालच्या डिस्कही सुटतात. तो मी टाळतो. चार डिस्कपैकी एकच अडकलेली असेल तर बाकीच्या तिघींना हात कशाला?

'हायफन टी ऑल' बिनाक्यूचं कधीही चालवू नका. संपूर्ण डेटासेंटरमधले खरेखुरे, चालू कामांचे लॉकही तो काढून टाकतो. त्याच फोल्डरमध्ये 'टास्कक्लीनर' नावाची आणखी एक स्क्रिप्ट दिसेल. ती अर्धवट कामांच्या नोंदीच पुसते. पहिल्या वर्षात तिच्या वाटेला जाऊ नका.

स्क्रिप्ट सोडून हाताने क्वेरी का मारू नये? कारण स्क्रिप्ट इंजिनच्या ऑडिट लॉगमध्ये नोंद टाकते: कोणत्या युजरने कोणत्या आयडीचा लॉक काढला. हा तुमचा फेरफार. सहा महिन्यांनी ती डिस्क पुन्हा त्रास देईल तेव्हा पुढच्या माणसाला हे दिसेल. हाताने मारलेल्या क्वेरीचा माग कुठेच राहत नाही.

तरीही कधी वेळ येते, म्हणजे स्क्रिप्टच चालत नाही किंवा डिस्कचा एकच थर सोडवायचा असतो. तेव्हा इंजिन आधी थांबवा, पीएसक्यूएलमध्ये शिरा आणि पहिला शब्द 'बिगिन' टाका. मग:

अपडेट इमेजेस सेट इमेजस्टेटस = १ व्हेअर इमेज_गाइड = 'थराचा आयडी' अँड इमेजस्टेटस = २;

शेवटची अट मुद्दाम आहे. थर मुळात लॉक्ड नसेल, किंवा ४ वर असेल, तर ती त्याला शिवत नाही. एंटर मारल्यावर पोस्टग्रेस किती ओळी बदलल्या ते सांगतो. 'अपडेट १' आलं तर 'कमिट'. 'अपडेट ०' आलं तर आयडी चुकलाय किंवा तो थर लॉक्ड नव्हताच. आणि 'अपडेट २१२' असं काही आलं तर तुम्ही 'व्हेअर' खाल्लंय: 'रोलबॅक' टाका, खुर्चीवरून उठा, पाणी प्या. 'बिगिन' न टाकता हीच क्वेरी मारलेली असेल तर रोलबॅक कशाचा करणार? मग मघाशी काढलेला बॅकअपच.

## इललीगल दिसलं तर

'इमेजस्टेटस' ४ असेल तर लॉकचा आणि त्याचा संबंध नाही. व्हीडीएसएम किंवा इंजिन सांगतंय की हा थर वापरायच्या लायकीचा नाही. बहुतेकदा अर्ध्यात राहिलेल्या स्नॅपशॉट-डिलीटमुळे हे होतं. अनलॉक स्क्रिप्टमध्ये 'इललीगल_इमेजेस' असाही प्रकार आहे, आणि तो बघून हात शिवशिवतात. फक्त 'क्यू'सकट पाहण्यापुरता वापरा. ४ चा १ करणं म्हणजे माझ्या त्या रात्रीचा शिक्का स्वतः पुसणं.

त्याऐवजी होस्टवर 'व्हीडीएसएम-टूल डम्प-व्हॉल्यूम-चेन्स' आणि पुढे स्टोरेज डोमेनचा आयडी द्या. स्टोरेजवर खरी साखळी कशी आहे ती थरागणिक दिसते. ती आणि कागदावरची साखळी शेजारी ठेवा. थरांची संख्या, क्रम आणि कोणावर 'इललीगल' लिहिलंय, एवढं बघा. दोन्हींत तंतोतंत मेळ असेल तर पोर्टलमधूनच तो स्नॅपशॉट पुन्हा डिलीट करून बघा. राहिलेलं काम इंजिन कित्येकदा तिथूनच पूर्ण करतं. मेळ नसेल तर व्हीएमला हात न लावता अनुभवी माणसाला बोलवा. तो येईपर्यंत दोन्ही साखळ्या, कोरिलेशन आयडीची कथा आणि डेटाबेसचा बॅकअप एका फोल्डरमध्ये घालून ठेवा. त्याचा पहिला तास वाचतो.

## सुटल्यावर

पोर्टलमध्ये डिस्क 'ओके' दिसते, व्हीएम सुरू होते. लगेच तिकीट बंद करू नका. आधी व्हीएमच्या आत जाऊन फाइलसिस्टिमच्या एरर आहेत का पाहा. मग 'क्यू'वाली यादी पुन्हा काढा, मघाच्या फाइलशी ताडा. जे सुटायला हवं तेच सुटलंय ना, आणि जे तुमचं नव्हतं ते तसंच आहे ना? त्यानंतर गर्दी नसलेल्या वेळी त्या व्हीएमचा एक नवा स्नॅपशॉट घ्या आणि तो लगेच डिलीट करा. साखळी कुठे खुपत असेल तर इथेच कळतं, तेही तुम्ही समोर बसलेले असताना. दोन्ही कामं सुरळीत झाली, इव्हेंट्समध्ये हिरवं दिसलं, की तिकिटात कोरिलेशन आयडी आणि सोडवलेल्या डिस्कचा आयडी लिहा आणि बंद करा.